नंबर कितवा आला?

ऑस्लो, फेब्रुवारी

आमच्या वणीत अजूनही समज आहे की स्कीइंग म्हणजे गुलमर्गचं पॅकेज आणि भाड्याचं जॅकेट. इथे रविवारी सकाळी मेट्रोच्या एक नंबरच्या गाडीत बसून बघा. आजीबाई स्की हातात धरून उभ्या, पाठीवर थर्मास. शेवटच्या स्टेशनवर उतरायचं की लगेच जंगल. शहराभोवतीच्या बर्फवाटा राखणारी संस्था, स्कीफोरेनिंगेन, १८८३ सालची. मोहल्ल्याचे क्लब वेगळे. पोराचं नाव घालायला ना ओळख लागली, ना शिफारस. शाळेच्या हॉलमधल्या बाजारात जुन्या स्की मिळाल्या, वर्गणी ऑनलाइन भरली, संपलं.

संपलं कुठलं! लगेच क्लबचा निरोप आला. तुम्हाला स्कीइंग येतं का, हे कोणी विचारलंच नाही. टॉयलेट पेपरचे गठ्ठे किती विकणार, ते विचारलं. क्लब यावरच चालतात. पालकांनी दारोदार गठ्ठे खपवायचे, शर्यतीला वॅफल भाजून त्यावर तपकिरी चीज ठेवायचं, नाहीतर पार्किंगला थंडीत कुडकुडायचं. मुलांची जबाबदारी घ्यायची तर आधी पोलिसांचा दाखला.

गठ्ठे घेऊन जिने चढताना गणपतीचं पावतीबुक आठवलं. हेच काम आपण गावात किती हौसेने करतो! पण विसर्जनानंतर मंडळ झोपतं आणि फ्लेक्सवरचे अध्यक्ष, कार्याध्यक्ष, मार्गदर्शक तेवढे वर्षभर जागे. इथे अध्यक्ष कोण, मला अजून ठाऊक नाही. पाहुणे यायचे म्हणून पोरं बर्फात ताटकळत नाहीत. आपल्याला हे जमत नाही असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. त्याची पोरं १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला देशी खेळ दाखवून आली. मग तालुक्याच्या गावी मैदानावर आधी मंडप का उभा राहतो?

इथलीही एक गोष्ट मात्र मला पचत नाही. लहान मुलांच्या शर्यतीत निकालाची यादीच लावत नाहीत. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत तसा नियमच आहे. बक्षीस सगळ्यांना सारखं. पोराची शर्यत संपली आणि आईचा वणीहून व्हिडिओ कॉल आला.

"नंबर कितवा आला पोराचा?"

"इथे नंबर नसतो, आई."

"पैला नाई?"

"नाही."

"मंग शेवटचा?"

"तोही नाही."

"मंग शर्यत लावली कायले?"

मी नियम समजावायला लागलो, तर पोरगं मधेच ओरडलं, "आजी, मी मोजले! सातवा!"