दुसऱ्या खेपेचा थकवा

पहिलटकरणीभोवती सारे घर फिरत असते. डोहाळे विचारले जातात, जड उचलू दिले जात नाही. दुसऱ्या खेपेला चित्र बदलते. पहाटे नळाला पाणी येण्याच्या वेळी उठणे, मोठ्या मुलाचा डबा, सासूबाईंची औषधे, नोकरी किंवा शेतातले काम आणि संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. या रगाड्यात थकवा येणारच, असे तिलाही वाटते आणि घरच्यांनाही. त्यामुळे त्यामागचा रक्तक्षय अनेकदा उशिरा लक्षात येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्तक्षय आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय आणि ७ पेक्षा खाली गेले तर तो तीव्र समजला जातो.

गर्भारपणात रक्ताचे एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. बाळ, वार आणि हे वाढीव रक्त यांसाठी नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. रोजच्या जेवणातून एवढे मिळत नाही, म्हणून शरीर आपल्या साठ्यातून उचल करते. पहिल्या बाळंतपणात तो साठा रिकामा झालेला असतो. तो भरून येण्याआधीच पुन्हा दिवस गेले, तर सुरुवातच तुटीने होते. दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवण्याचा सल्ला देण्यामागे हेही एक कारण आहे.

धोका खरा दिसतो तो प्रसूतीच्या वेळी. निरोगी स्त्री जेवढा रक्तस्राव सहन करते, तेवढाच रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची शक्यताही वाढते.

जिना चढताना दम लागणे, छातीत धडधड, पापणीची आतली बाजू फिकट दिसणे, माती, पाटीची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही लक्षणे दिसली की रक्त तपासून घ्यावे.

सरकारी दवाखान्यात लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस त्या घ्यायच्या असतात. रक्तक्षय असल्यास डॉक्टर मात्रा वाढवतात. अडचण असते ती घेण्याच्या पद्धतीत. सकाळच्या घाईत चहासोबत किंवा रात्री दुधासोबत गोळी घेतली, तर त्यातले बरेचसे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीतही किमान दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत आणि लोहाची गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत घेतली, तर मळमळही कमी जाणवते. शौचाला काळसर होणे हा गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याने घाबरून ती बंद करू नये. गोळ्यांनी बाळ फार मोठे होते व सिझर करावे लागते, हा समजही निराधार आहे.

आहारात मेथी, शेवग्याचा पाला, बाजरी, मोड आलेली मटकी असावी; चालत असेल तर मांस-मासळी. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. पण सर्वांचे झाल्यावर उरलेल्यात जेवणाऱ्या बाईच्या ताटात यातले किती येते, हा प्रश्न घराने स्वतःला विचारायला हवा. गर्भवतीने सर्वांसोबत जेवावे. मोठ्याचा डबा आणि पाणी भरणे नवऱ्याने घ्यावे, दुपारी तासभर तिला आडवे होऊ द्यावे. रात्रीच्या गोळीची आठवण घरातल्या एकाने स्वतःकडे घ्यावी.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. ‘आधीचे बाळंतपण सुखरूप झाले’ म्हणून ती चुकवू नये. गोळ्या नियमित घेऊनही महिनाभरात हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढले नाही, तर पुढील तपासणी आणि गरजेनुसार शिरेतून लोह द्यावे लागते. मात्र बसल्या जागी दम लागणे, रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाले, तर तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.