पाठीवरचे बिऱ्हाड

(द्वितीय वर्ष, कला)

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याला एका जागी टेकता येत नाही त्याच्याविषयी थोड्याशा कीवेने, थोड्याशा थट्टेने ती वापरली जाते. परंतु जगात अशीही माणसे आहेत की जी राहत्या घराला कुलूप लावून, प्रसंगी नोकरीला रामराम ठोकून, हे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतात. पाठीवरच्या मोठ्या पिशवीला इंग्रजीत बॅकपॅक म्हणतात. म्हणून अशा प्रवाशाला बॅकपॅकर हे नाव पडले. यांत नवराबायकोच्या जोड्या पुष्कळ असतात. आग्नेय आशियातील इंडोनेशिया हा या मंडळींचा फार जुना आणि आवडता देश. असे जोडपे तिथे कसे फिरते, थोड्या पैशांत त्याचे कसे भागते आणि या प्रवासातून त्याला काय मिळते, हे या लेखात समजावून घ्यायचे आहे.

आधीच सांगते की मी इंडोनेशिया पाहिलेला नाही. आमच्या घरात पासपोर्ट कोणाकडेच नाही, आणि कॉलेजची पायरी चढणारीही मीच पहिली. पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' ग्रंथालयातून आणून वाचले आणि त्या भागाचे वेड लागले. मग नकाशा समोर ठेवून मिळेल ते वाचत गेले. तेव्हा हा लेख म्हणजे नकाशावर बोट ठेवून केलेला प्रवास आहे, असे वाचकांनी समजावे.

एक जोडपे आणि एक पुस्तक

या प्रकारच्या प्रवासाची गोष्ट टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याला वगळून सांगता येत नाही. टोनी इंग्लंडचे, मॉरीन उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या. १९७० साली लंडनमधील एका बागेच्या बाकावर त्यांची ओळख झाली आणि पुढच्या वर्षी लग्न. १९७२ साली एक जुनी, स्वस्तातली छोटी मोटार घेऊन ते लंडनहून पूर्वेकडे निघाले. मॉरीन तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. अफगाणिस्तानात पोहोचल्यावर त्यांनी मोटार विकून टाकली आणि पुढे बस, आगगाडी, मिळेल ते वाहन करत पाकिस्तान, भारत, थायलंड, मलेशिया या मार्गाने ते इंडोनेशियात उतरले. बालीहून एका शिडाच्या बोटीत त्यांना जागा मिळाली आणि ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागले. १९७२च्या डिसेंबरअखेर सिडनी शहरात पोहोचले, तेव्हा दोघांत मिळून सत्तावीस सेंट शिल्लक होते. सत्तावीस सेंट म्हणजे चिल्लरच!

"तुम्ही हे कसे केले?" असे जो तो विचारू लागला, तेव्हा त्यांनी १९७३ साली स्वतःच एक लहानसे पुस्तक काढले. नंतर मोटारसायकलवरून आग्नेय आशिया पालथा घालून, सिंगापूरच्या एका साध्या हॉटेलात बसून दुसरे पुस्तक लिहिले. ते १९७५ साली प्रसिद्ध झाले. पिवळ्या मुखपृष्ठाचे हे पुस्तक पुढे अनेक प्रवाशांची जणू पोथीच बनले. कोणत्या गावी स्वस्त खोली मिळते, बस कुठून सुटते, काय खावे, हे सगळे त्यात होते. 'लोनली प्लॅनेट' ही प्रसिद्ध प्रकाशनसंस्था याच जोडप्याने सुरू केली. मला यातील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. प्रवास हा श्रीमंतांचाच प्रांत आहे ही समजूत या दोघांनी मोडली, आणि तीही उपदेश करून नव्हे, तर बसचे भाडे आणि खोलीचे दर छापून!

दोघांचा हिशेब

आता हा प्रवास स्वस्त कसा पडतो ते पाहू. पहिली गोष्ट खोलीची. खोलीचे भाडे बहुधा खोलीवर असते, माणसांवर नाही. त्यामुळे एकट्याला जी खोली महाग, ती दोघांना निम्म्यात पडते. इंडोनेशियात घरगुती पद्धतीच्या साध्या निवासाला 'लोसमेन' म्हणतात. घरमालकीण सकाळी चहा-नाश्ता देते, अंगणात पाहुण्यांचे कपडे वाळत असतात. दुसरी गोष्ट जेवणाची. रस्त्याकडेच्या छोट्या खाणावळीला तिथे 'वारुंग' म्हणतात. भात, त्यावर भाजी, मिरचीची चटणी आणि सोयाबीन आंबवून केलेल्या वडीचे, म्हणजे 'तेम्पे'चे, तळलेले तुकडे, हे तिथल्या सामान्य माणसाचे जेवण. जो प्रवासी हे जेवतो त्याचा खर्च आपोआप आटोक्यात राहतो.

तिसरी गोष्ट ओझ्याची. पिशवी दहा किलोंच्या आत ठेवावी, असा अनुभवी मंडळींचा सल्ला असतो. साबण, औषधे, दोरी, कुलूप या वस्तू दोघांत एकच लागतात. म्हणून ओझेही वाटून घेता येते. पैसे आणि कागदपत्रे मात्र दोन ठिकाणी ठेवायची, म्हणजे एक पिशवी गेली तरी दुसरी राहते. बसथांब्यावर एकाने सामान राखायचे, दुसऱ्याने खोली शोधायची. एकाला ताप आला तर दुसऱ्याने औषध आणायचे. संसारात जे वीस वर्षांत कळते ते अशा प्रवासात वीस दिवसांत कळत असावे. दमलेली, भुकेली माणसे भांडतातही. पण पुढची बस दोघांनाही पकडायची असल्यामुळे भांडण फार लांबत नसावे, असा माझा आपला तर्क!

या देशात आपल्या माणसाला आणखी एक सोय आहे, ती भाषेची. तिथल्या भाषेला 'बहासा' म्हणतात, म्हणजे आपली 'भाषा'च. किमतीला 'हर्गा' म्हणतात, ते संस्कृत 'अर्घ', खर्चाला 'बिआया', ते 'व्यय', गुळावरून आलेला 'गुला' म्हणजे साखर, खेड्याला 'देसा'. आणि नवराबायकोला काय म्हणावे? 'सुआमी-इस्त्री'! स्वामी आणि स्त्री. आपल्याकडे इस्त्री कपड्यांना करतात हे खरे, पण आमच्या खेड्यातील म्हाताऱ्या बायकोला 'अस्तुरी' म्हणतात. समुद्रापलीकडच्या त्या शब्दाला ही अस्तुरी फार जवळची नाही का?

जावा : आगगाडीची वाट

जोडप्याचा ठरलेला मार्ग असा, की जकार्ताला उतरायचे आणि आगगाडीने जावा बेट पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायचे. इंडोनेशियात सतरा हजारांहून अधिक बेटे आहेत. त्यांत सर्वांत जास्त वस्तीचे हे बेट. १८६७ साली तिथे पहिली आगगाडी धावली. आज सामान्य वर्गाचे तिकीट काढून सहा ते आठ तासांत योग्यकार्ताला जाता येते. या शहराचे नाव अयोध्येवरून आले असे सांगतात. सुलतानाचा राजवाडा आणि बाटिकचे कापड यांसाठी ते प्रसिद्ध आहे. स्टेशनापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर स्वस्त खोल्यांच्या गल्ल्या आहेत.

तिथून सुमारे चाळीस किलोमीटरवर बोरोबुदूर आहे. नवव्या शतकातील हा प्रचंड बौद्ध स्तूप. खाली चौकोनी सज्जे, वर तीन गोलाकार सज्जे, त्यांवर जाळीदार ७२ स्तूप, आणि एकूण ५०४ बुद्धमूर्ती. पावसाच्या पाण्याने आतली माती खचून भिंती कलू लागल्या, तेव्हा १९७५ ते १९८२ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने दहा लाखांहून अधिक दगड उतरवून पुन्हा रचण्यात आले. अलीकडे, पायऱ्या झिजू नयेत म्हणून, वर चढणाऱ्यांची संख्या मर्यादित केली आहे आणि पायांत विणलेल्या खास चपला घालाव्या लागतात. त्या चपलांचे नाव 'उपानत'. संस्कृतच्या तासाला 'उपानह्' म्हणजे पादत्राण असे पाठ केलेला शब्द असा अचानक भेटला, तेव्हा मला फार आनंद झाला.

शहराच्या दुसऱ्या बाजूला प्रम्बानन येथे ब्रह्मा, विष्णू, महेश यांची मंदिरे आहेत. शिवमंदिर ४७ मीटर उंच आहे. जावातील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. तरीही या मंदिरांजवळ १९६१ सालापासून रामायणाचे नृत्यनाट्य होत आले आहे. धर्म बदलला म्हणून गोष्ट परकी होत नाही, हे तिथे पाहावे.

पुढे पूर्वेकडे ब्रोमो हा धुमसता ज्वालामुखी. पहाटेच्या अंधारात चढून सूर्योदय पाहायचा हा प्रवाशांचा रिवाज. या डोंगरात राहणारे तेंगर लोक हिंदू आहेत. वर्षातून एकदा ते ज्वालामुखीच्या मुखात धान्य, भाजीपाला, कोंबड्या अर्पण करतात. त्या उत्सवाचे नाव 'यज्ञ कसाडा', आणि 'यज्ञ' हा शब्द ते रोमन लिपीत जसा लिहितात तो आपल्या मराठी उच्चाराशी जुळतो.

बाली : पाण्याची वाटणी

जावाच्या पूर्व टोकाला केतापांग बंदरात बोटीत बसले की तासाभरात बाली बेट येते. बोटीतून उतरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. इथले बहुसंख्य लोक हिंदू. त्यांचे नवे वर्ष शकगणनेचे, म्हणजे आपल्या पंचांगातल्या शकाचेच. त्यामुळे ते बहुधा आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येते. पण आपण गुढी उभारतो, तर ते त्या दिवशी पूर्ण मौन पाळतात. रस्ते ओस, दिवे बंद, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद! परदेशी प्रवाशालाही खोलीतच बसावे लागते.

परंतु मी ज्या भागातली आहे तिथल्या माणसाने बालीत पाहावे असे काही असेल तर ते 'सुबक'. एकाच बंधाऱ्यावर ज्यांची भातशेती भिजते त्या शेतकऱ्यांची ही संघटना, हजारएक वर्षांची जुनी. कोणी केव्हा लावणी करायची आणि पाणी कोणाला केव्हा सोडायचे हे सगळे शेतकरी पाण्याच्या देवळात जमून ठरवतात. शेजारची शेते एकाच वेळी मोकळी ठेवल्यामुळे किडीला खायला उरत नाही. १९७०च्या दशकात वर्षभर भात घेण्याचा सरकारी आग्रह झाला आणि ही शिस्त मोडली. तेव्हा कीड वाढली आणि पाण्याचीही ओढाताण झाली. शेवटी जुनी पद्धतच शहाणपणाची ठरली. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. बीड जिल्ह्यातल्या मुलीला पाण्याचा हा न्याय वाचून काय वाटले असेल, ते निराळे सांगायला नको.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्हीलर जोडपे आले तेव्हा बालीतील कुटा हे साधे किनाऱ्यावरचे गाव होते. २०२४ साली बालीला ६० लाखांहून अधिक परदेशी प्रवासी आले. त्याच वर्षापासून दर परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया कर घेतला जातो. भातखाचरांच्या जागी हॉटेले उभी राहिली. ज्या पुस्तकांनी गरीब प्रवाशाला वाट दाखवली त्यांच्याच मागून ही गर्दी आली, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

दुसरी जोडी

इथपर्यंत वाचल्यावर कोणी विचारील, की या सगळ्याशी तुझा काय संबंध? तो सांगते.

बिऱ्हाड पाठीवर घेणारी एक जोडी मी जन्मापासून पाहते आहे. माझे आई-वडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. गहू-बाजरीचे पीठ, तवा, पातेली, अंथरूण-पांघरूण, सगळा संसार बांधून घेऊन निघतात. फडाजवळ पाचटाची कोपी उभी करून राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे मुलामुलींची लग्ने लवकर उरकतात. मी एकोणीस वर्षांची आहे; माझ्याबरोबर सातवीला असलेल्या चार मुली आज फडावर आहेत. माझ्याविषयीही दर दिवाळीला घरी बोलणे निघते.

व्हीलर जोडप्याजवळ सत्तावीस सेंट उरले, हे जग कौतुकाने सांगते. माझ्या आई-वडिलांजवळ हंगामाअखेर पुष्कळदा तेवढेही उरत नाही; उलट उचल फिटायची राहते. ओझे दोघांच्याही पाठीवर, चालणे दोघांचेही. मग फरक कुठे? टोनी-मॉरीनला एखाद्या गावी दोन दिवस जास्त राहावेसे वाटले तर राहता येत होते. आईला ताप आला आणि ती एक दिवस बसली तर खाडा पडतो. वाट कोणी ठरवायची आणि कुठे थांबायचे हे ज्याच्या हाती असते त्याच्या चालण्याला प्रवास म्हणतात, असे मला या वाचनातून उमगले.

तरीही आईला मी अडाणी प्रवासी म्हणणार नाही. कमी सामानात संसार कसा मावतो, परक्या गावात पाणी आणि सरपण कुठे शोधायचे, दमलेल्या नवऱ्याशी भांडण कुठवर ताणायचे, हे तिला कोणत्याही पिवळ्या पुस्तकाशिवाय येते. तिने सांगावे आणि मी लिहावे, असे एक पुस्तक होईल. सुट्टीत घरी गेले की मी तिला 'सुआमी-इस्त्री' हा शब्द सांगणार आहे. ती हसेल, हे मला ठाऊक आहे.

आज भारतीय नागरिकाला इंडोनेशियाच्या विमानतळावर उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो; त्याची फी पाच लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नये, कारण तिथे लाखाची एकच नोट असते! पण मला आधी पासपोर्ट काढायचा आहे, आणि त्याच्याही आधी बी.ए. पुरे करायचे आहे. जोडीने प्रवास करण्याची मलाही हौस आहे. ती जोडी कोणाबरोबर आणि केव्हा, हे मात्र मला ठरवू द्यावे, एवढेच घरच्या वडीलधाऱ्यांना माझे मागणे आहे.