दिवाळीची खरेदी आणि छातीतली धडधड

दसरा उलटला की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. कुणाचे डोके जड, कुणाला झोप नाही, कुणाच्या छातीत जळजळ. नाडी बघता बघता "खरेदी झाली का?" असे विचारले की निम्मे निदान तिथेच होते. बोनस हाती पडण्याआधीच त्याचे हप्ते ठरलेले असतात. शेजारी मोठा टीव्ही आला, म्हणून आपल्याकडचा चालू टीव्हीही जुना वाटू लागतो. (आमच्या घरचा धडधाकट मिक्सर गेल्या वर्षी एक्स्चेंजमध्ये गेला. तेव्हा मी फार शहाणपण शिकवत नाही.)

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या सुमारास एक ताई मुलाबरोबर आल्या. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, ही हकिगत सांगतो. वय अठ्ठावन्न, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. रक्तदाब १६०/९६. मुलगा वैतागलेला. "डॉक्टर, आईला काही कमी नाही. पैठणी आणली, पंचावन्न इंची टीव्ही आणला. तरी तोंड पाडून बसलीय."

पन्नाशीपुढच्या बाईची अशी तक्रार 'टेन्शन' म्हणून कधीही सोडून देऊ नये. बायकांमध्ये हृदयविकार छातीत मोठी कळ न येताही येतो. नुसता थकवा, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, एवढ्यावरच भागते. म्हणून आधी ईसीजी काढला; साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घेतले. सारे ठीक निघाले. रक्तदाबाची गोळी मात्र ताईंनी आठ दिवस घेतलीच नव्हती. "सणासुदीला कशाला औषध" हे वाक्य मी पंचवीस वर्षे ऐकतो आहे. वाचकहो, सण असो वा उपास, रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका.

मुलाला बाहेर बसवले, तेव्हा ताई बोलत्या झाल्या. पाठचा भाऊ सहा वर्षे बोलत नव्हता. वडील गेल्यावर त्याने हक्कसोडपत्रावर सही मागितली. यांनी "विचार करून सांगते" म्हटले, आणि त्याने तोंड फिरवले. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे. तेव्हापासून आमच्या भागात असे अबोले बरेच दिसतात.

"लहानपणी अंगणात किल्ला करायचो आम्ही," ताई म्हणाल्या. "माती तो कालवायचा, हळीव मी पेरायची. आता भाऊ अकरा किलोमीटरवर आहे, आणि भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते."

मनात भांडण धुमसत राहिले की शरीर ते संकटच समजते. ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात, नाडी पळते, रक्तवाहिन्या आकसतात, झोप उडते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेल्या एका दीर्घ अभ्यासात असे आढळले, की ज्यांची नाती जिव्हाळ्याची, ती माणसे उतारवयात अधिक निरोगी राहतात. पैठणी चांगलीच होती हो. पण ताई वाट बघत होत्या ती भावाची.

मी गोळी पुन्हा सुरू केली आणि म्हटले, "ताई, गोडी राहावी म्हणून हक्क सोडा, असे मी मुळीच सांगणार नाही. सही करायची की नाही, ते वकिलाला विचारून ठरवा. पण सही वेगळी आणि ओवाळणे वेगळे. फोन करा, जमिनीचा विषय काढू नका. ओवाळायचे आहे, ये, एवढेच बोला. मध्ये कुणा नातेवाइकाला घालू नका." जिथे मारहाण किंवा फसवणूक झाली आहे, तिथे मात्र असा फोन करण्याचे बंधन कुणावरही नाही.

भाऊबीज होऊन चार दिवसांनी ताई आल्या. रक्तदाब १३८/८६. फोन भावाने उचलला नव्हता, भाचीने उचलला. दिवेलागणीला तो दारात उभा राहिला, हातात शेतातल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. नवा टीव्ही कुणी लावलाच नाही म्हणे. दोघे ओसरीवर शेंगा फोडत दहा वाजेपर्यंत बसले.

"आणि जमिनीचे?"

"ते तसंच आहे. सावकाश बसू म्हणाला."

चिवडा, चकली दोघांनी भरपूर हाणली होती. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात फराळाचेही आले, हे मी पुन्हा बजावले. तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, की भावालाही रक्तदाब आहे आणि त्याचीही गोळी बंद आहे. घेऊन या म्हटले.

पुढच्या सोमवारी दोघे एकाच मोटारसायकलवरून आले.