वोन-ह्यो आणि सा जांग : एका किकच्या दोन रीती

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहातील सहावीची एक विद्यार्थिनी तायक्वांदो स्पर्धेहून डोळे पुसत परतली. तिने ‘वोन-ह्यो’ हा आकृतिबंध एकही चूक न करता सादर केला होता. पंचांना ‘तेगुक सा जांग’ अपेक्षित होता. आमच्याकडे येण्यापूर्वी ती मामाच्या गावी दुसऱ्या पद्धतीने शिकली होती, आणि पद्धती दोन आहेत हे तिला सांगायचे आमच्याकडूनच राहून गेले. पंचांचा दोष नव्हता. तेव्हापासून पालकसभेत ‘मग बरोबर कोणते?’ हा प्रश्न वारंवार निघतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आकृतिबंध म्हणजे समोर प्रतिस्पर्धी नसताना, ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या रेषेवर केलेल्या बचावाच्या आणि प्रहाराच्या हालचाली. नगरच्या शाळांतून ज्यांनी लेझीमचे हात केले आहेत, त्यांना ही कल्पना नवी नाही. येथे ताल हलगीचा नसून श्वासाचा असतो, इतकेच. जनरल चोई होंग ही यांनी 1966 मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या परंपरेत आकृतिबंधाला ‘तुल’ म्हणतात. 1973 मध्ये सेऊल येथे स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या परंपरेत त्याला ‘पूमसे’ म्हणतात. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकासाठी खेळला जाणारा तायक्वांदो या दुसऱ्या परंपरेचा आहे.

दोन्हींतील फरक बाजूच्या किकवरून, म्हणजे ‘योप चागी’वरून, उत्तम कळतो. मूळ क्रिया एकच. गुडघा छातीशी घ्यावा, टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळेपर्यंत तो पाय फिरवावा, कंबर उलटवावी आणि पावलाची बाहेरची कड टाचेच्या बाजूने सरळ रेषेत ढकलावी. टेकलेला पाय वळला नाही तर ताण गुडघ्यावर येतो. आमच्या मुलांचे बहुतेक दुखणे येथूनच सुरू होते. मोठ्या उंचीच्या हव्यासापायी हे विसरले जाते.

वोन-ह्योच्या 28 हालचालींत अशा दोन किक आहेत आणि प्रत्येकीपूर्वी मुलाला एका पायावर, दुसरा पाय गुडघ्याशी दुमडून, उभे राहावे लागते. किक तेथून निघते. सा जांगमध्ये मात्र थांबणे नाही: एक किक मारून पाय पुढे टेकताच लगेच दुसऱ्या पायाची. पहिल्यात तोल स्थिर राहतो की नाही हे पाहिले जाते, दुसऱ्यात तो चालता चालता सांभाळता येतो की नाही हे. आमच्या त्या विद्यार्थिनीचा तोल पहिल्यात पक्का होता. दुसऱ्यात पहिल्या किकनंतर पाय फार जवळ पडत असे आणि दुसरी किक कंबरेऐवजी गुडघ्यातून निघत असे. हे दिसले ते दोन्ही आकृतिबंध शेजारी शेजारी करवून घेतल्यावरच.

वोन-ह्यो हे नाव आपल्या वाचकांना विशेष वाटावे. ते सिल्ला राज्यातील थोर बौद्ध भिक्खूचे (617–686) आहे. तुल शिकणारी मुले ‘त्यांनी 686 साली सिल्लात बौद्ध धर्म आणला’ असे पाठ करतात. हे बरोबर नाही. 686 हे त्यांच्या निधनाचे वर्ष. सिल्लाच्या राजाने बौद्ध धर्म स्वीकारला तो त्यांच्या जन्मापूर्वीच, 527 च्या सुमारास. भिक्खू उइसांग यांच्यासह चीनकडे निघालेल्या वोन-ह्यो यांनी रात्री अंधारात तहानेने पाणी प्यायले, सकाळी ते कवटीतले होते असे दिसले, आणि चित्ताशिवाय शुद्ध-अशुद्ध नाही हे उमजून ते परत फिरले, अशी कथा आहे. विविध बौद्ध संप्रदायांतील वाद मिटवण्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, हे विशेष. त्यांचे नाव एका परंपरेच्या रंगीत पट्ट्यांत आले, तर दुसरीत सर्वोच्च दानांसाठीच्या ‘इल्यो’ या अखेरच्या पूमसेमागे त्यांचाच एकत्वाचा विचार आहे. इल्योतही बाजूची किक आहे. जमिनीवरूनही आणि उडी घेऊनही.

आता आम्ही रविवारी सकाळी दोन्ही आकृतिबंध शिकवतो. स्पर्धेचा अर्ज भरताना नियमावली विद्यार्थ्यासमोर वाचून, कोणता आकृतिबंध सादर करायचा हे त्याच्या वहीत लिहून घेतो. त्या विद्यार्थिनीच्या वहीत सध्या ‘सा जांग’ असे लिहिलेले आहे.