नळीला जुळणारी गोळी

बार्शीहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, वैराग मागे पडलं, की शेतं विरळ होत जातात आणि नान्नजच्या आसपास कुसळी गवताचं माळरान उघडं पडतं. झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणून एखादा बांध. सकाळच्या वेळी या माळावर काळविटांचा कळप दिसतो. माणूस गाडीतून उतरून चार पावलं पुढे गेला की कळपातली एक मादी मान वर करते आणि पुढच्या क्षणी सगळा कळप दोनशे-तीनशे मीटर लांब जाऊन उभा राहतो. तिथून तो पुन्हा शांतपणे चरू लागतो.

ते दोनशे-तीनशे मीटरचं अंतर म्हणजेच लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलीची जन्मकथा. दाट जंगलात जनावर तीस पावलांवर गाठता येतं, माळावर येत नाही. म्हणून दख्खनच्या पठारावर शिकार करणाऱ्यांना गोळी लांब आणि सरळ जाणारं हत्यार लागायचं. ते दिवस आता सरले, हे चांगलंच झालं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना घेऊन करायची शिकारही संपवली. नान्नजचा परिसर १९७९ पासून माळढोक अभयारण्यात आहे आणि काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. या माळावर आज रोखायची ती दुर्बीण.

शिकार गेली, पण तिनं घडवलेली एक विद्या मात्र गेली नाही. एखाद्या नळीतून सुटलेली गोळी प्रत्येक वेळी त्याच जागी कशी लागेल, याचं उत्तर शोधण्याची ही विद्या. महाराष्ट्रात ती आज नेमबाजीच्या रेंजवर नांदते.

तिचा पाया साध्या भौतिकशास्त्रात आहे. गोळी नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखी. सेकंदाला आठशे मीटर वेगानं निघालेली ७.६२ मिलिमीटरची गोळी तीनशे मीटरवर पोचेपर्यंत नळीच्या रेषेपासून पाऊण मीटरहून जास्त खाली आलेली असते, दोनशे मीटरवर साधारण त्याच्या निम्म्यानं. म्हणजे समोरचं जनावर दोनशेवर आहे की तीनशेवर, हा अंदाज चुकला तर गोळी त्याच्या पायाखालून तरी जाते किंवा पाय मोडून त्याला तडफडत ठेवते. शिवाय वारा आडवा ढकलतो तो वेगळाच. जुने जाणते शिकारी लांबचा बार टाळत, तो याच कारणासाठी.

भारतात सर्वसामान्य परवानाधारकाच्या हाती आली ती ०.३१५ बोअरची रायफल. तिचा बोल्ट ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीच्या घराण्यातला. पण ली-एनफिल्डची मूळ ०.३०३ ची गोळी लष्कराची, ती नागरिकांना बंद. म्हणून त्याच घडणीला ८ मिलिमीटरची वेगळी नळी आणि वेगळं काडतूस देण्यात आलं. रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात होते, तर काडतूस पुण्याजवळच्या खडकीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या पितळी बुडावर ‘के. एफ.’ ही रोमन अक्षरं ठोकलेली असतात, ती ‘किर्की फॅक्टरी’ या जुन्या नावाची. ही रायफल दणकट आणि भरवशाची, पण बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखी नव्हे. दुकानातून आणलेला सदरा जसा सगळ्यांना थोडाफार बसतो, तशी.

अंगाबरोबर बेतलेली रायफल ही निराळीच गोष्ट. तिथे आधी काम ठरतं. कोणतं लक्ष्य, किती अंतर, कोणाच्या हातात. मग काडतूस निवडलं जातं, त्या काडतुसाला साजेशी नळी घेतली जाते, नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायचं घर केसाएवढाही सैलपणा न ठेवता कोरलं जातं, आणि सगळ्यात शेवटी खांद्याला लावायचा दस्ता. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा बक्षीस म्हणून त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची ०.२७५ ची रायफल मिळाली. वाघासाठी लोक जाडजूड नळीच्या बंदुका वापरत त्या काळात ही हलकी, ७ मिलिमीटर नळीची रायफल त्यांनी पुढे वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली. डोंगर चढताना जड वाटणार नाही, पटकन खांद्याला येईल आणि गोळी हवी तिथेच लागेल, एवढं त्यांना पुरेसं होतं.

सगळे भाग एकमेकांचा विचार करून बेतायचे, ही रीत बार्शीकरांना परकी नाही. १८९७ मध्ये अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे सुरू केली ती याच तत्त्वावर. यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळ घ्यायचा, मग इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. रूळ, चाक, डबा, इंजिन यांची मापं एकाच वेळी जुळवली, म्हणून ती छोटी गाडी चांगला भार वाहू शकली. रायफल घडवणाराही हेच करतो, फक्त त्याची मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात.

शिकारीच्या रानातून ही विद्या रेंजवर कशी आली, याची खूण राधानगरी तालुक्यात सापडते. दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारक्षेत्र होतं. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन उभा राहिला. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या होत्या. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्स प्रकारातच उतरलेल्या.

या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून असे तीन नेम. शरीराची ठेवण तिन्ही वेळा बदलते, म्हणून रायफलही बदलावी लागते. तिचा दस्ता बहुधा ॲल्युमिनियमचा, जागोजाग स्क्रू आणि मापाच्या खुणा असलेला. गाल टेकायची पट्टी वर-खाली आणि आत-बाहेर सरकते. खांद्यामागची आकडी लांबते, आखूड होते. हाताखालचा आधार उंच करता येतो. नेमबाज वहीत प्रत्येक नेमाची मापं लिहून ठेवतो आणि स्पर्धेत नेम बदलताना मोजक्या मिनिटांत पट्ट्या त्या खुणांवर आणतो. पुरुषांच्या रायफलीला ८ किलोची मर्यादा आहे. या रायफली बनवणाऱ्या वाल्थर आणि अन्शुट्झ या दोन्ही कंपन्या जर्मनीतल्या उल्म या एकाच शहरात आहेत. दुसऱ्या महायुद्धाआधी त्या झेला-मेहलिस या एकाच गावात होत्या, तिथून उठून उल्मला आल्या.

आता काडतूस. ते बोटाच्या दोन पेरांएवढंही नाही. पितळी पुंगळी, तिच्या तोंडात ५.६ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी, वजन ४० ग्रेन म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. गोळीवर मेणासारखं वंगण असतं, हाताला किंचित चिकट लागतं. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, आत पोकळ असलेल्या काठात गोल फिरवून बसवलेला. चाप ओढला की पिन त्या काठावर आदळते, मसाला पेटतो, दारू जळते आणि गोळी पेचदार नळीतून गिरक्या घेत निघते, सेकंदाला सुमारे आठशे गिरक्या.

तिचा वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी. तो ओलांडून परत खाली येताना गोळी हवेत डळमळते, म्हणून ती आधीपासूनच संथ ठेवायची. पन्नास मीटर जाईपर्यंत ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. त्याची भीती नाही, कारण रायफलीची साइट त्या हिशोबानं लावलेली असते. भीती असते ती फरकाची. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा पाच मीटरनं कमी भरला, तर ती सुमारे ४ मिलिमीटर खाली लागते. आणि दहा गुणांचं वर्तुळ किती? १०.४ मिलिमीटर. नेमबाजाचा श्वास, बोट, डोळा सगळं बरोबर असूनही तिथे गुण जाऊ शकतो.

म्हणून गोळ्या नुसत्या नावावरून विकत घेत नाहीत. इंग्लंडमधली एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्यांची उत्तम काडतुसं एकाच साच्यातून, एकाच मसाल्यातून ठरावीक संख्येनं निघतात. अशा प्रत्येक खेपेला ‘लॉट’ म्हणतात आणि खोक्यावर त्याचा क्रमांक छापलेला असतो. एकाच नावाच्या दोन लॉटांत डोळ्यांना काही फरक दिसत नाही, नळीला मात्र दिसतो. बार उडताना नळी तारेसारखी थरथरते, आणि गोळी तोंडातून सुटते तेव्हा ते तोंड थरथरीच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर असेल, हे गोळीच्या वेगावर ठरतं. वेग सारखा, तर टप्पाही सारखा.

ही जुळणी शोधायला नळी कंपनीच्या चाचणी केंद्रात नेतात. बर्मिंगहॅमजवळ एलीचं असं केंद्र आहे. तिथे रायफलीचा दस्ता उतरवतात आणि नळी लोखंडी शिकंज्यात आवळतात, म्हणजे माणसाचा हात मधे राहत नाही. पहिल्या काही गोळ्या धरत नाहीत, कारण आधीच्या लॉटचं वंगण नळीतून जायला हवं. मग दहा-दहा गोळ्यांचे गट. पन्नास मीटरवर दहाही गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून गेल्या, की तो लॉट बाजूला काढतात. एखादी गोळी कड सोडून गेली, की पुढचा लॉट. शेजारच्या नेमबाजाच्या नळीला सोन्यासारखा ठरलेला लॉट इथे नापास होतो आणि त्यानं नाकारलेला इथे बसतो. सोयरिकीसारखंच हे, दोन्हीकडची मंडळी चांगली असून भागत नाही. जुळलेला लॉट मिळाला की नेमबाज परवडेल तेवढी सगळी खोकी उचलतो, आणि त्यातली सर्वोत्तम मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवतो.

पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसपासून दूर शातोरू गावी झाली. प्राथमिक फेरीत स्वप्नील ५९० गुणांसह सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर आणि पालथं झोपून नेम संपले तेव्हा पाचवा. उभ्या नेमात एकेक स्पर्धक बाद होत गेला, आणि ४४ गोळ्यांनंतर त्याच्या नावावर ४५१.४ गुण होते. म्हणजे सरासरी प्रत्येक गोळी दहाच्या वर्तुळात. चीनचा लिऊ युकुन पहिला, युक्रेनचा सेर्ही कुलिश दुसरा, स्वप्नील तिसरा. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं ते तेव्हा.

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर आज अनेक मुलं-मुली हाच खेळ शिकतात. सराव संपला की नळीतून कापडाची गुंडाळी फिरवतात, जमिनीवरच्या पुंगळ्या वेचतात आणि वहीत दिवसाच्या गुणांशेजारी लॉटचा क्रमांक लिहितात. कपाटातली त्या क्रमांकाची शेवटची खोकी दिसू लागली, की पुन्हा नळी शिकंज्यात चढते आणि दहा-दहा गोळ्यांचे गट मोजायला सुरुवात होते.