रांगेचा नियम आणि त्यामागील प्राध्यापक

कारखाना असो, रुग्णालय असो की रेल्वेचे आरक्षण कार्यालय असो. तेथे येणारे प्रत्येक काम आणि प्रत्येक माणूस कोठे ना कोठे थांबतोच. हे थांबणे किती असावे, ते कशामुळे वाढते आणि कोणत्या उपायाने कमी होते, याचा विचार करणाऱ्या विषयास व्यवस्थापन-शिक्षणात कार्यव्यवस्थापन असे म्हणतात. या विषयाचा प्राध्यापक फळ्यावरचे गणित आणि कारखान्यातले काम यांची सांगड कशी घालतो, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील जॉन लिटल यांच्या कारकिर्दीकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

लिटल यांचा जन्म १९२८ साली बॉस्टन येथे झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतून (एम.आय.टी.) १९४८ मध्ये ते पदवीधर झाले. त्यांचा विषय पदार्थविज्ञान हा होता. तेथेच पुढे त्यांना फिलिप मॉर्स हे मार्गदर्शक लाभले. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या कामी मॉर्स यांनी गणिताचा उपयोग केला होता, आणि युद्धानंतर तीच पद्धती ते शांततेच्या काळातील प्रश्नांना लावू पाहत होते. लिटल यांनी प्रबंधासाठी धरणाचा प्रश्न निवडला. जलाशय भरलेला असेल तर तितक्याच पाण्यापासून अधिक वीज मिळते. परंतु तो भरलेला ठेवला आणि नदीला पूर आला, तर पाणी वाया जाते. पुढे किती पाणी येईल हे ठाऊक नसताना आज किती सोडावे? कोलंबिया नदीवरील ग्रँड कूली धरणाच्या धर्तीवर त्यांनी हा हिशेब मांडला, आणि त्यासाठी संस्थेतील ‘व्हर्लविंड’ या आरंभीच्या संगणकाचा उपयोग केला. १९५५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. ऑपरेशन्स रिसर्च या नव्या शास्त्रातील ती पहिली डॉक्टरेट होय, असे मानले जाते.

१९५७ मध्ये लिटल क्लीव्हलंड येथील केस तंत्रविज्ञान संस्थेत अध्यापन करू लागले. रांगांचा सिद्धांत शिकविताना एक साधे सूत्र वारंवार पुढे येई. तपासलेल्या प्रत्येक उदाहरणात ते खरे ठरे. पण ते सर्वत्र खरे का ठरावे, याची सिद्धता कोणी दिली नव्हती. अशी सिद्धता देणे कितपत कठीण आहे, असे एका विद्यार्थ्याने विचारले. फारसे कठीण नसावे, असे उत्तर लिटल यांनी दिले, तेव्हा मग ती आपणच द्यावी, असे विद्यार्थ्याने सुचविले. १९६१ साली ती सिद्धता प्रसिद्ध झाली, आणि ते सूत्र ‘लिटल यांचा नियम’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

हा नियम असा : एखाद्या व्यवस्थेत सरासरीने जितके जण असतात, ती संख्या म्हणजे दर तासाला येणाऱ्यांची सरासरी संख्या गुणिले प्रत्येकास आत लागणारे सरासरी तास. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ताशी ४० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकास दीड तास लागत असेल, तर तेथे सरासरी ६० रुग्ण असणारच. अधिक बाके मांडल्याने त्यांची बसण्याची सोय होईल, पण गर्दी हटणार नाही. प्रत्येकाचा वेळ एका तासावर आणला, तर मात्र ती ४० वर येईल. कारखान्यातही हेच घडते. दररोज २० पंप तयार होत असतील आणि २०० पंप अर्धवट अवस्थेत पडून असतील, तर एक पंप तयार होण्यास सरासरी १० दिवस लागतात, हे घड्याळ न लावताही सांगता येते. माणसे ठरावीक अंतराने येतात की झुंडीने, आधी कोणाचे काम होते, यांवर हा नियम अवलंबून नाही. मात्र तो दीर्घकाळाच्या सरासरीचा आहे, आणि गर्दी अखंड वाढतच जात नाही, हे त्यात गृहीत आहे.

याच काळात फिरत्या विक्रेत्याने सर्व शहरे एकेकदा गाठून कमीत कमी अंतरात घरी कसे परतावे, या प्रसिद्ध कोड्यावर लिटल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी काम केले. त्यांपैकी कट्टा मूर्ती हे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले होते. १९६३ च्या त्यांच्या लेखात शक्य मार्गांच्या फांद्या पाडून निरुपयोगी फांद्या छाटीत जाण्याची रीत मांडलेली आहे. रस्त्यावरील वाहतूक-दिव्यांचा मेळ घालून वाहनांना सलग हिरवा दिवा कसा मिळेल, याचेही गणित लिटल यांनी १९६६ साली मांडले.

१९६२ मध्ये ते एम.आय.टी.च्या व्यवस्थापन विद्यालयात परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. येथे त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. प्राध्यापकांनी रचलेली गणिती प्रतिमाने नियतकालिकांत छापली जात; पण ज्यांच्यासाठी ती रचली, ते व्यवस्थापक ती वापरीत नसत. १९७० च्या एका लेखात लिटल यांनी या उणिवेची जबाबदारी बव्हंशी प्रतिमान रचणाऱ्यांवरच टाकली. जे समजत नाही त्यावर माणूस विसंबत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून प्रतिमान सोपे असावे. त्यातून वेडीवाकडी उत्तरे सहजासहजी निघू नयेत. ते वापरणाऱ्याच्या ताब्यात राहावे. नवी माहिती येताच बदलता यावे. महत्त्वाच्या बाबी त्यात सामावलेल्या असाव्यात. आणि त्याच्याशी संवाद साधणे सुलभ असावे, अशा सहा कसोट्या त्यांनी सांगितल्या. जाहिरातीवर किती खर्च करावा यांसारख्या बाजारपेठेच्या प्रश्नांना त्यांनी स्वतः त्या लावल्या.

१९९५ मध्ये या क्षेत्रातील दोन अमेरिकी संघटना एकत्र येऊन ‘इन्फॉर्म्स’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद लिटल यांच्याकडे आले. नियमाला ५० वर्षे झाली तेव्हा, २०११ साली, त्यांनी स्वतःच त्याचा पुन्हा आढावा घेतला. २०२४ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचा नियम रांगेची सरासरी सांगतो. रांगेतील कोणत्या माणसाचे थांबणे आधी कमी करावे, हे सांगत नाही. अत्यवस्थ रुग्णाला पुढे घ्यावे की नाही, हा निर्णय तेथे उभ्या असलेल्या माणसालाच घ्यावा लागतो. तो त्याला डोळसपणे घेता यावा, इतके गणित त्याच्या हाती देणे हेच प्राध्यापकाचे काम, अशी लिटल यांची धारणा त्यांच्या कार्यातून दिसते.