बाबा, चेहरा कुठाय?



परवा हॅनोव्हरच्या आयलेनरीडे जंगलातल्या बागेत आमचं दीड वर्षाचं पिल्लू घसरगुंडीवर चढलं आणि वरून माझ्याकडे बघत थांबलं. मी मोबाईलमध्ये!

अमेरिकेत जेम्स सोर्स, जोसेफ कॅम्पोस वगैरेंचा एक प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. वर्षाचं मूल जाड काचेवर. काचेखाली फूटभर खोलगट. पलीकडे आई, बोलायचं नाही. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून गेली. आईने घाबरल्यासारखा चेहरा केला, तर १७ पैकी एकही नाही!

म्हणजे बोलता येण्याआधीच मूल आपला चेहरा वाचतं, तेही नेमकं अडल्यावर. इथे आजी-आजोबा नाहीत. वाचायला चेहरे आमचे दोनच. मोबाईल खिशात टाकला, हसलो. स्वारी लगेच खाली!